मलपरीक्षा

मलपरीक्षा : रोगनिदानासाठी किंवा आरोग्यतपासणीसाठी मलाचे भौतिक, रासायनिक, सूक्ष्मदर्शकीय व सूक्ष्मजंतुशास्त्रीय परीक्षण करणे म्हणजे मलपरीक्षा होय. आमांश, अतिसार, जंत, पटकी, पचन व अभिशोषण यांतील बिघाड, तसेच पचनमार्गातून होणारा अल्प व डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव यांच्या निदानास तिचा उपयोग होतो. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेतील प्रशिक्षित व्यक्ती घेते. मलाचा नमुना मात्र रुग्ण स्वतःच आपल्या घरी घेतो. त्यामुळे या परीक्षेची विश्वसनीयता पुष्कळ अंशी रुग्णाच्या हाती असते. आधीच्या दिवसांत घेतलेला आहार, पोटात गेलेली औषधे, नमुना घेण्याची रीत आणि तो प्रयोगशाळेत पोहोचण्यास लागलेला वेळ या चारही गोष्टींचा निष्कर्षावर परिणाम होतो. यांपैकी एखादी चुकल्यास नसलेला रोग आढळल्याचा भास होतो किंवा असलेला रोग निसटतो.

मलाचे स्वरूप : निरोगी प्रौढ व्यक्ती दररोज साधारणतः १०० ते २०० ग्रॅ. मल विसर्जित करते. तंतुमय पदार्थ भरपूर असलेल्या आहारात हे प्रमाण याहून अधिक असते. मलात सु. तीन चतुर्थांश पाणी असते. उरलेल्या घन भागात जिवंत व मृत सूक्ष्मजंतू, न पचलेले वनस्पतिज तंतू, मेद, अकार्बनी लवणे आणि आतड्याच्या अस्तरापासून सुटलेल्या कोशिका असतात. मलाचा नेहमीचा तपकिरी रंग पित्तारुणापासून आतड्यात तयार होणाऱ्या रंगद्रव्यामुळे येतो. आतड्यात पित्त न उतरल्यास मल मातकट पांढरा होतो. जठरात किंवा ग्रहणीत पुरेसा रक्तस्राव झाल्यास तो डांबरासारखा काळा व चिकट होतो, तर गुदांत्रातील रक्त लालच दिसते. पालक, बीट, लोहाच्या गोळ्या व बिस्मथयुक्त औषधे यांनीही रंग बदलतो. म्हणून नमुना देताना यांपैकी काय घेतले होते, हे सांगणे आवश्यक असते.

इतिहास : मलाच्या निरीक्षणावरून रोग ओळखण्याची पद्धत प्राचीन आहे. आयुर्वेदातील अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र, जिव्हा इत्यादींबरोबर मलाचाही समावेश होतो. मल पाण्यात बुडतो की तरंगतो, यावरून तो आम की पक्व हे ठरविले जाई. सूक्ष्मदर्शकाच्या शोधानंतर या परीक्षेचे स्वरूप पालटले. डच निरीक्षक लेव्हेनहूक यांनी १६८१ मध्ये अतिसार झाला असताना स्वतःच्याच मलात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले. त्यांच्या वर्णनावरून ते जिआर्डिया हे आदिजीव असावेत, असे मानले जाते. रशियात लॉश यांनी १८७५ मध्ये आमांशाच्या रुग्णाच्या मलातील अमीबाचे वर्णन केले. इटलीतील ग्रासी व पारोना यांनी १८७८ मध्ये मलातील अंड्यांवरून अंकुशकृमींचे निदान करता येते, हे दाखविले. रॉबर्ट कॉख यांनी ईजिप्तमध्ये सुरू केलेले पटकीच्या जंतूचे संशोधन १८८४ मध्ये कलकत्ता येथे पूर्ण केले. १९०१ मध्ये बोआस यांनी मलातील गुप्त रक्ताचे महत्त्व निदर्शनास आणले. विलिस यांनी १९२१ मध्ये मिठाच्या संपृक्त विद्रावाची तरंगण पद्धत सुचविली. जपानमध्ये काटो यांनी शोधलेली जाड लेपाची पद्धत (१९५४) कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनी ब्राझीलमध्ये १९७२ साली सुधारली. तीत ४१·७ मिग्रॅ. मल मोजून घेतला जातो. त्यातील अंड्यांच्या संख्येवरून जंतांचा भार किती आहे, याचा अंदाज येतो.

परीक्षेचे प्रकार : (१) सर्वसाधारण परीक्षेत मलाचा रंग, घट्टपणा, त्यातील आव, रक्त आणि प्रौढ जंत डोळ्यांनी पाहिले जातात. त्यानंतर लवण-विद्रावात व आयोडीन-विद्रावात मिसळलेला सूक्ष्म भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तांबड्या कोशिका, पू-कोशिका, आदिजीव व जंतांची अंडी शोधली जातात. (२) अंडी विरळ असल्यास ती एकत्र आणण्याच्या पद्धती वापराव्या लागतात. विलिस यांच्या पद्धतीत मल मिठाच्या संपृक्त विद्रावात कालवतात. या विद्रावाची घनता अंड्यांच्या घनतेहून अधिक असल्याने अंकुशकृमी व गोलकृमी यांची अंडी पृष्ठभागावर येतात व काचपट्टीला चिकटतात. या पद्धतीसाठी लागणारे रसायन म्हणजे केवळ मीठ असल्याने ती लहान दवाखान्यातही करता येते. (३) संवर्धन परीक्षेत पटकी, आंत्रज्वर, दंडाणुजन्य आमांश इत्यादींचे जंतू योग्य माध्यमात वाढवून ओळखले जातात. (४) रासायनिक व प्रतिरक्षा परीक्षांत गुप्त रक्त, मेद, शर्करा, एंझाइमे, आतड्याच्या शोथाची निदर्शक प्रथिने आणि रोगजंतूंची प्रतिजने शोधली जातात. प्रत्येक प्रकाराची पूर्वतयारी वेगळी असते. म्हणून कोणती परीक्षा करावयाची आहे, हे रुग्णाला आधी समजणे जरूर आहे.

सर्वसाधारण परीक्षेची पूर्वतयारी : जंत, आमांश व जंतुसंसर्ग यांसाठी करावयाच्या परीक्षेपूर्वी कोणतेही खास पथ्य नसते. उपाशी राहण्याचीही गरज नसते. रक्तशर्करेच्या तपासणीप्रमाणे ही तपासणीही अनशापोटी करावयाची असते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते; ती चुकीची आहे. नेहमीचा आहार चालू ठेवावा. पोट साफ करण्यासाठी एरंडेल किंवा पॅराफिनयुक्त रेचक घेऊ नये, कारण तेलाचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली अडथळा आणतात. बस्तीही घेऊ नये. पोटाच्या क्ष-किरण तपासणीसाठी बेरियम दिले असल्यास परीक्षा एक ते दोन आठवडे पुढे ढकलावी लागते. बिस्मथ किंवा केओलीन असलेली अतिसाररोधक औषधे घेतली असल्यासही काही दिवस थांबावे लागते.

औषधांपैकी प्रतिजैविके विशेष महत्त्वाची आहेत. अतिसार होताच दुकानातून आणलेल्या दोन-चार गोळ्या घेऊन मग तपासणीस जाण्याची सवय सर्वत्र दिसते. या गोळ्यांनी रोग बरा होतोच असे नाही. पण मलातील जंतूंची व अमीबांची संख्या इतकी घटते की, ते परीक्षेत सापडत नाहीत. नमुना औषध सुरू करण्यापूर्वी द्यावा, हा सर्वसाधारण नियम आहे. औषध आधीच घेतले असल्यास अमीबांच्या शोधासाठी सु. दोन आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यावा. मात्र रुग्णाची स्थिती गंभीर असेल, तर परीक्षेसाठी उपचार थांबवून ठेवणे योग्य नाही. पटकीसारख्या रोगात जलसंजीवनी तत्काळ सुरू करावी लागते.

गुप्त रक्ताच्या परीक्षेपूर्वीचा आहार : आहाराचे पथ्य खऱ्या अर्थाने लागू होते ते या परीक्षेला. बृहदांत्राचा कर्करोग, त्यापूर्वी दिसणाऱ्या मांसल गाठी, जठरव्रण आणि अंकुशकृमी यांत दररोज थोडे थोडे रक्त जाते. मलाचा रंग त्याने बदलत नाही, पण कालांतराने रक्तक्षय होतो. हे रक्त शोधण्याची जुनी व अद्यापही प्रचारात असलेली रीत ग्वायकम या वृक्षाच्या राळेवर आधारलेली आहे. रक्तारुणातील हीम हा घटक हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या साहाय्याने राळेचे ऑक्सिडीकरण घडवून आणतो व निळा रंग उमटतो. अमेरिकेत ग्रीगर यांनी १९६७ मध्ये ही राळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या वापरून रुग्णाने घरीच नमुना घेण्याची पद्धत पुढे आणली. पूर्वी याच कामासाठी वापरले जाणारे बेंझिडीन हे रसायन कर्ककारक असल्याचे आढळल्यामुळे मागे पडले.

ग्वायकम परीक्षेची मर्यादा अशी की, तिला मनुष्याचे रक्त व इतर प्राण्यांचे रक्त यांतील फरक कळत नाही. बोकडाचे मटण, कलेजी व रक्तापासून केलेले पदार्थ यांतील हीममुळेही निळा रंग येऊ शकतो. काही भाज्यांत पेरॉक्सिडेज हे एंझाइम असते व तेही हाच रंग निर्माण करते. कच्चा मुळा, सलगम, फुलकोबी आणि खरबूज ही अशी उदाहरणे होत. भाजी शिजविल्याने हे एंझाइम बहुतांशी नष्ट होते. म्हणून मुळ्याची कोशिंबीर वर्ज्य करतात, पण शिजवलेल्या भाजीचा विशेष अडथळा होत नाही. याउलट क जीवनसत्त्व ऑक्सिडीकरणाला विरोध करते व रक्त असूनही रंग उमटू देत नाही. दिवसाला २५० मिग्रॅ.हून अधिक क जीवनसत्त्व टाळावे, असे सांगितले जाते. गोळ्यांखेरीज आवळा व पेरू यांतून ही मात्रा सहज ओलांडली जाते. पहिल्या प्रकारची चूक रुग्णाला अनावश्यक तपासण्यांकडे नेते. दुसरी चूक अधिक घातक असते, कारण ती खोटा दिलासा देते.

यासाठी नमुना घेण्याच्या तीन दिवस आधीपासून शेवटचा नमुना घेईपर्यंत पुढील पथ्य पाळतात : मटण, कलेजी, कच्चा मुळा, सलगम, खरबूज, आवळा, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या वर्ज्य करावयाच्या, भात, भाकरी, वरण, शिजवलेल्या भाज्या, दूध-ताक घ्यावयाचे. कोकणातील आहाराच्या दृष्टीने हे पथ्य कठीण नाही. मासे व कोंबडी बहुधा चालतात. त्यामुळे भाताबरोबर बोंबील, सुकट किंवा ताजी मासळी खाणाऱ्यास फारसा बदल करावा लागत नाही. प्रयोगशाळेने याहून कडक सूचना दिली असल्यास ती पाळावी. ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामके जठरातून रक्तस्राव घडवितात. म्हणून ती सात दिवस आधी बंद करण्यास सांगितले जाते. तथापि हृदयरोगासाठी नेमून दिलेले ॲस्पिरिन वैद्याच्या सल्ल्यावाचून थांबवू नये. मूळव्याधीतून रक्त जात असताना, तसेच मासिक पाळीच्या काळात व त्यानंतर तीन दिवस नमुना घेऊ नये. रक्तस्राव सतत होत नसल्याने लागोपाठच्या तीन वेळच्या मलातून प्रत्येकी दोन ठिकाणचे नमुने घेतात.

अलीकडे 'एफआयटी' या नावाने ओळखली जाणारी प्रतिरक्षा-रासायनिक परीक्षा अधिकाधिक वापरली जाते. ती केवळ मानवी रक्तारुणातील प्रथिन ओळखते. त्यामुळे तीपूर्वी आहाराचे पथ्य लागत नाही व क जीवनसत्त्वाचाही परिणाम होत नाही. जठरातून आलेल्या रक्तातील हे प्रथिन वाटेत पचून जाते. परिणामी ही परीक्षा मुख्यत्वे बृहदांत्रातील रक्तस्राव दाखविते. तिची उणीव म्हणजे उष्णतेने प्रथिनाचे विघटन होते आणि उन्हाळ्यात रेंगाळलेल्या नमुन्यात रक्त असूनही ते आढळत नाही. अशा रीतीने पथ्य गेले, तरी नमुना जपण्याची जबाबदारी राहतेच.

इतर परीक्षांची पूर्वतयारी : मेदाच्या अभिशोषणातील बिघाड मोजण्यासाठी आहार कमी न करता ठरावीक ठेवावा लागतो. आधीचे तीन दिवस व नमुना गोळा करण्याचे तीन दिवस प्रौढास दररोज सु. १०० ग्रॅ. मेद मिळेल असा आहार देतात आणि ७२ तासांतील सर्व मल साठवितात. २४ तासांत सु. ७ ग्रॅ.हून अधिक मेद बाहेर पडत असल्यास बिघाड आहे, असे समजतात. या काळात तेलकट पदार्थ 'पोटाला जड' म्हणून टाळल्यास परीक्षा निरर्थक ठरते. दुग्धशर्करा न पचणाऱ्या अर्भकाच्या मलातील शर्करा तपासताना त्याला नेहमीचे दूध चालू असले पाहिजे; दूध बंद केल्यावर शर्करा सापडत नाही. जठरातील हेलिकोबॅक्टर जंतूंचे प्रतिजन शोधण्यापूर्वी आम्लस्राव कमी करणारी काही औषधे दोन आठवडे व प्रतिजैविके चार आठवडे, वैद्याच्या सल्ल्याने, बंद ठेवतात.

नमुना घेणे : प्रयोगशाळेतून मिळालेली रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची व कोरडी डबी वापरावी. डबीवर नाव, दिनांक व वेळ लिहावी. प्रथम लघवी करून घ्यावी, कारण मूत्राने अमीबाची पोषक अवस्था नष्ट होते. भारतीय पद्धतीच्या शौचकूपात नमुना पाण्यात पडू नये म्हणून स्वच्छ कोरडे भांडे किंवा कागद वापरावा. जमिनीवरून उचललेला नमुना घेऊ नये. मातीत व पाण्यात स्वतंत्रपणे राहणारे सूक्ष्म जीव व कृमींच्या अळ्या असतात आणि त्या रोगजनक समजल्या जाण्याचा धोका असतो. डबीबरोबरच्या चमच्याने सुपारीएवढा भाग घ्यावा. मल पातळ असल्यास दोन-तीन चमचे पुरतात. आव, रक्त किंवा पू दिसत असेल, तर तोच भाग अवश्य घ्यावा. डबी काठोकाठ भरू नये. नंतर हात साबणाने धुवावेत. सूत्रकृमींची अंडी मात्र मलात क्वचितच सापडतात. मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते, म्हणून सकाळी स्नान व शौचापूर्वी तेथे चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर लावून देतात.

नमुना पोहोचविणे : अंतर आणि वेळ यांचे महत्त्व ग्रामीण भागात विशेष जाणवते. रायगड जिल्ह्यातील (१ जानेवारी १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण तालुक्यातील वडखळ या गावाचे उदाहरण घेता येईल. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गावर, अलिबागचा रस्ता जेथे फुटतो तेथे हे गाव वसले आहे. येथून पेणचे उपजिल्हा रुग्णालय सु. ८ किमी., तर अलिबागचे जिल्हा रुग्णालय सु. २२ किमी. अंतरावर आहे. हे अंतर फार नाही. पण नमुना पहाटे घेतला, दिवसाची कामे उरकून दुपारी वाहन धरले आणि तपासणी सायंकाळी झाली, तर निष्कर्ष बदलू शकतो. पातळ मलातील अमीबाची हालचाल करणारी पोषक अवस्था अर्ध्या तासातच ओळखू न येण्याजोगी होते. म्हणून आमांशाच्या रुग्णाने शक्यतो रुग्णालयातच जाऊन नमुना द्यावा. अर्धवट घट्ट मल एका तासात तपासला जावा. घट्ट मलातील पुटी अवस्था व अंडी अधिक टिकतात. असा नमुना थंड जागी ठेवून त्याच दिवशी पोहोचविला तरी चालतो. मात्र उष्ण व दमट हवेत अंकुशकृमींची अंडी एक-दोन दिवसांत फुटून अळ्या बाहेर पडतात व दुसऱ्याच कृमीचा भास होतो. डबी उन्हात किंवा वाहनाच्या तापलेल्या भागाजवळ ठेवू नये. बर्फात गोठवूही नये. उशीर अटळ असल्यास प्रयोगशाळेकडून फॉर्मॅलिनसारखे परिरक्षक असलेली डबी आधी मागून घ्यावी. संवर्धनासाठी परिरक्षक चालत नाही; त्यासाठी कॅरी-ब्लेअर यांचे वाहक माध्यम वापरतात.

निष्कर्षाचा अन्वयार्थ : 'जंत आढळले नाहीत' याचा अर्थ त्या नमुन्यात, त्या वेळी ते दिसले नाहीत, एवढाच असतो. आदिजीव व अंडी दररोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. म्हणून एक दिवसाआड तीन नमुने, साधारणतः दहा दिवसांच्या आत, तपासण्याचा प्रघात आहे. अंकुशकृमींच्या बाबतीत याचे महत्त्व सहज ध्यानात येते. त्यांच्या अळ्या ओलसर, सावलीच्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. भारतात सामान्यतः आढळणाऱ्या नेकेटर जातीचा एक कृमी दररोज सु. ०·०३ मिलि. रक्ताचे नुकसान करतो. शंभर कृमी असल्यास हे नुकसान दिवसाला ३ मिलि. होते. शेतात राबणाऱ्या व आधीच लोहाची कमतरता असलेल्या स्त्रीला थकवा व धाप लागते आणि तिला लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. पण गळती चालूच राहिल्याने रक्तक्षय पुनःपुन्हा उद्भवतो. काळजीपूर्वक दिलेल्या नमुन्याने हे कारण एका दिवसात उघडकीस येते व उपचार अल्बेंडाझोलाच्या गोळ्यांनी होतो. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो, परंतु परीक्षेसाठी त्या स्वतःहून बंद करण्याचे कारण नाही. त्या चालू असल्याचे सांगावे.

गुप्त रक्त आढळल्यास 'मूळव्याध असेल' असे म्हणून ते दुर्लक्षू नये, किंवा पुढील परीक्षेत रक्त न आढळल्यास निर्धास्तही होऊ नये. पथ्य पाळून केलेल्या परीक्षेत एकदा रक्त आढळले की, दुर्बिणीने बृहदांत्राची तपासणी करणे हाच पुढील मार्ग होय. उलटपक्षी, परीक्षेत रक्त नसले तरी वजन घटणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल किंवा कारण न कळणारा रक्तक्षय असल्यास अधिक तपासणी करावीच लागते.

सार्वजनिक आरोग्य : व्यक्तीच्या निदानाबरोबरच साथींवर लक्ष ठेवण्यासाठीही मलपरीक्षा उपयोगी पडते. पोलिओ निर्मूलनाच्या कार्यक्रमात १५ वर्षांखालील मुलास अचानक लुळेपणा आल्यास १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, मलाचे दोन नमुने घेण्याचा नियम आहे. अंगठ्याएवढा, म्हणजे सु. ८ ग्रॅ. नमुना बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेकडे पाठवितात. पहिल्या दोन आठवड्यांत विषाणू सर्वांत अधिक प्रमाणात बाहेर पडत असल्याने ही मुदत ठरविलेली आहे. मुंबईतील आंत्रविषाणू संशोधन केंद्राने या कार्यात महत्त्वाचा वाटा उचलला. भारतातील वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. रोग नाही, हे सिद्ध करण्यासाठीही योग्य वेळी घेतलेले व थंड राखलेले नमुनेच आधारभूत ठरले. वेळेवर न घेतलेल्या किंवा वाटेत तापलेल्या नमुन्यात विषाणू सापडला नाही, तरी तो नसल्याचा पुरावा मिळत नाही. हाच नियम गावातील एका रुग्णाच्या साध्या परीक्षेलाही लागू पडतो.